पंचेचाळीस मिनिटांची बाजू

दुपारी फोनवर गाणी लावून पडलेलं असावं. एक गाणं संपतं, दोन-तीन सेकंद शांतता, आणि तेवढ्यात कान पुढच्या गाण्याचा पहिला सूर स्वतःच लावून मोकळा होतो. मग येतं भलतंच काहीतरी. चांगलंच असतं ते, पण आपण दार उघडायला उठावं आणि बेल शेजारच्या घराची निघावी तसं होतं.

गंमत म्हणजे कान ज्या गाण्याची वाट बघत असतो, ते बरेचदा त्या अल्बममधलं नसतंच. ते कॅसेटमधलं असतं.

ज्यांनी कॅसेटी भरून घेतल्यात त्यांना हे सांगायला नको. सी-९० म्हणजे नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट. तिची एक बाजू ४५ मिनिटांची, आणि अल्बम काही ती बघून तयार होत नव्हते. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) साधारण ४३ मिनिटांचा, म्हणजे अगदी मापाचा. डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ (१९७२) ३८ मिनिटांच्या आतच आटपतो. उरलेली सात मिनिटं कोरी सोडायची छाती कुणाची होती? तिथे सात मिनिटांत बसेल असं कुठलंतरी गाणं शोधून चिकटवलं जाई. पुढे आयुष्यभर ‘मशीन हेड’ संपला की त्या परक्या गाण्याची सुरुवात डोक्यात वाजत राहते. बी बाजूला आणखी तिसराच अल्बम. या दोन अल्बमांचं एकमेकांशी काही नातं नसे, पण एका डबीत राहून राहून ते भावंडांसारखे वाटायला लागत.

पंचाईत व्हायची ती गन्स अँड रोझेसच्या ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ची (१९८७). तो जवळजवळ ५४ मिनिटांचा. कॅसेटवर सी-९० लिहिलेलं असलं तरी प्रत्येक बाजूला मिनिटभर टेप जास्त निघते, पण नऊ मिनिटं कुठून आणणार? इथे दोन पंथ पडतात. एक पंथ मधलं एखादं नावडतं गाणं गाळून जागा करतो. दुसरा सगळं ओळीने भरत जातो आणि टेप जिथे संपेल तिथे गाणं तुटू देतो. मी दुसऱ्या पंथाचा. तुटलेलं गाणं निदान तुटलंय हे सांगतं. गाळलेल्या गाण्याचा पत्ताच लागत नाही, आणि भरून देणाऱ्याची आवडनिवड आपण पुढची दहा वर्षं अल्बम म्हणून ऐकत बसतो.

भरायचं कामही लोक समजतात तितकं सोपं नव्हतं. सुरुवातीची पाच-सहा सेकंदांची पारदर्शक पट्टी पेन्सिलने फिरवून पुढे घ्यायची, नाहीतर पहिला सूर तिच्यावर वाया जातो. पेन्सिल सहा कोनांची हवी, गोल पेन्सिल आतल्या सहा दात्यांत नुसती फिरते. आवाजाची पातळी अल्बमच्या सुरुवातीवरून कधीच लावायची नाही. ‘डार्क साइड’ सुरू होतो तो हृदयाच्या ठोक्यांनी, अगदी दबकत. त्या ठोक्यांवर काटा बघून पातळी वाढवून ठेवली, तर पुढे ‘टाइम’ या गाण्याच्या तोंडाशी सगळी घड्याळं एकदम खणखणतात, काटा लाल भागात जाऊन आपटतो आणि घड्याळांऐवजी नुसता फाटका आवाज भरला जातो. म्हणून आधी सगळ्यात मोठा आवाज असलेली जागा वाजवून बघायची, तिथे काटा लालच्या कडेला जेमतेम टेकेल अशी पातळी ठेवायची आणि मग तबकडी पहिल्यापासून लावायची. एक बाजू संपली की पॉज, तबकडी उलटायची, सुई टेकवायची, पॉज सोडायचा. तो पॉज सोडताना बारीक ‘टक्’ असा आवाज भरला जातो. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याआधीचा, म्हणजे ‘मनी’च्या आधीचा तो ‘टक्’ ऐकत मोठं झालेल्याला स्वच्छ सीडी ऐकताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. काय राहिलं ते चटकन सांगताही येत नाही.

आणि ते भूत! गाणं सुरू व्हायच्या सेकंद-दोन सेकंद आधी, शांततेत, तेच गाणं लांबून आल्यासारखं अस्पष्ट ऐकू येतं. रिळावर टेपचे वेढे एकमेकांवर घट्ट बसलेले असतात, आणि मोठ्या आवाजाच्या वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या कोऱ्या वेढ्यावर थोडं उतरतं. टेप जितकी पातळ तितकं जास्त, म्हणून सी-१२० च्या नादी शहाण्याने लागू नये. ती गुंतते लवकर, ते वेगळंच.

इथवर एकट्याचं झालं. खरी मजा बँड जमला की. चार-पाच जण, एक अल्बम, आणि प्रत्येकाकडे त्याची एक प्रत. बहुधा प्रतीची प्रत. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने फिरायला हवी, पण प्रत्येक डेकची मोटर आपल्या मनाची राणी. वेगात सहा टक्के फरक पडला की गाण्याची पट्टी अर्ध्या स्वराने सरकते. एकाच्या डेकने थोडं हळू भरलं, दुसऱ्याच्या डेकने थोडं भरभर वाजवलं, की दोन्ही चुका मिळून काळी चारचं गाणं पांढरी सहामध्ये जाऊन बसतं. मग पहिल्या तालमीला गिटारवाला एका पट्टीत बसवून येतो, बासवाला दुसऱ्या, आणि दोघेही छातीवर हात ठेवून सांगतात की कॅसेटमध्ये असंच आहे. दोघांचंही खरं असतं.

त्यात ‘ॲपेटाइट’सारखा अल्बम असला की संशयाला अंत नाही. त्यात गिटारीच मुळात अर्धा स्वर उतरवून लावलेल्या आहेत. हे माहीत नसलेला आधी डेकला शिव्या घालतो, मग मोटरच्या मागच्या भोकातून बारीक स्क्रू फिरवून वेग वाढवतो, आणि त्या डेकवर वाजणारे बाकीचे सगळे अल्बम वर चढवून ठेवतो. डेकचा दोष आहे की गाण्याचा, हे ठरवायची साधी युक्ती आहे. त्याच डेकवर दुसऱ्या दोन-तीन बँडच्या कॅसेटी लावायच्या, शक्यतो वेगवेगळ्या जागी भरलेल्या. सगळ्याच तेवढ्याच सरकलेल्या असतील तर डेक. एकच सरकलेली असेल तर डेकला हात लावू नका, गिटारीच्या सहाही तारा अर्धा स्वर उतरवा. उतरवल्या की तारा ढिल्या पडून पडद्यांवर करकरतात, तेव्हा एका नंबरने जाड संच चढवलेला बरा. कीबोर्डवाल्याकडे ट्रान्सपोजचं बटण असेल तर तो सुटला. नसेल तर त्याची बोटं काळ्या पट्ट्यांवर अडखळणार, आणि तालीमभर त्याचं तोंड वाकडं.

गाणं कानाने उतरवायच्या युक्त्या प्रत्येक बँडमध्ये तोंडोतोंडी फिरतात. जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर १६⅔ चा वेग असेल तर ३३⅓ ची तबकडी त्यावर बरोबर निम्म्या वेगाने फिरते. सोलो संथ होतो, सूर मात्र तेच राहतात, नेमके एक सप्तक खाली. बासवाल्याला उलटं हवं असतं. त्याला खालचे सूर मुळी ऐकूच येत नाहीत. दुहेरी डेकवर हायस्पीड डबिंग (दुप्पट वेगाने प्रत काढणं) लावलं की गाणारा चिमणीसारखा चिवचिवतो, पण बास एक सप्तक वर येतो आणि एकेक सूर सुटा दिसायला लागतो. तिसरी युक्ती बॅलन्सच्या खुंटीची. व्हॅन हेलनच्या १९७८ सालच्या पहिल्या अल्बममध्ये गिटार जवळजवळ सगळी डाव्या बाजूला आहे, उजवीकडे मुख्यतः तिचा घुमणारा प्रतिध्वनी. खुंटी पूर्ण डावीकडे फिरवली की गिटार समोर येऊन उभी राहते. उजवीकडे फिरवली की उरलेल्या बँडबरोबर आपण वाजवायचं. बीटल्सच्या ‘रबर सोल’च्या (१९६५) जुन्या स्टिरिओ आवृत्तीत तर गाणारे एकीकडे आणि वाद्यं दुसरीकडे. ऐकायला विचित्र, शिकायला सोन्यासारखं.

पण युक्त्या चालत नाहीत अशाही जागा असतात, आणि त्यातली सगळ्यात दुष्ट जागा म्हणजे मेटॅलिकाचा ‘... अँड जस्टिस फॉर ऑल’ (१९८८). या अल्बमात बास आहे, पण मिक्समध्ये इतका दाबलेला की नसल्यात जमा. गिटारवाले आणि ड्रमर या अल्बमवर जीव टाकतात. बासवाला बिचारा रात्र रात्र हेडफोन लावून खालचं काहीतरी चाचपत बसतो आणि शेवटी गिटारचंच एक सप्तक खाली वाजवून वेळ मारून नेतो. तेव्हा एखाद्या बँडने सलग तीन महिने ‘जस्टिस’ बसवायला घेतला, तर त्या बँडमध्ये बासवाल्याचं मत विचारलं जात नाही असं खुशाल समजावं. त्याची भरपाई म्हणून ‘मनी’ घ्यावा. त्यात नाण्यांचा आणि गल्ल्याचा खुळखुळाट झाला की आधी एकटा बासच येतो, सात मात्रांत, आणि सगळी खोली त्याच्याकडे बघते.

‘मनी’त सात मात्रांचा बाऊ करायचं कारण नाही. सात मात्रा रूपक तालातही असतात, अंगात मुरतात. घोळ होतो तो वळणावर. सॅक्सोफोनचा सोलो सातातच आहे, गिटारचा सोलो मात्र चारात जातो आणि तो संपला की पुन्हा सात. चारात शिरताना सगळे मोकळे होतात, लय नकळत वाढते, आणि परत सातात उतरायच्या वेळी ड्रमर पोचतो एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. यावर उपाय एकच. सोलोवाल्याकडे बघायचं नाही, सगळ्यांनी ड्रमरच्या हातांकडे बघायचं. सोलोवाल्याला हे अजिबात आवडत नाही.

‘मशीन हेड’मधल्या ‘स्मोक ऑन द वॉटर’बद्दल तर बोलायचीच सोय नाही. जगातला प्रत्येक नवा गिटारवाला ते पहिल्या आठवड्यात वाजवतो आणि चुकीचं वाजवतो. तो जाडजूड पॉवर कॉर्ड लावून प्लेक्ट्रमने (तारा छेडायच्या चकतीने) हाणतो. मूळ वाजवणं लगतच्या दोन तारांवर आहे, दोघींत चौथ्या स्वराचं अंतर, आणि प्लेक्ट्रम बाजूला ठेवून बोटांनी दोन्ही तारा एकदम उचललेल्या. बोटांनी उचलल्या की दोन्ही सूर एकाच क्षणी सुटतात. प्लेक्ट्रमने एक आधी, एक नंतर. फरक केसाएवढा, पण एकदा ऐकू आला की दुसरं ऐकवत नाही. हे गिटारवाल्याला कोण सांगतं? स्वतःहून त्याच्या लक्षात येत नाही, तो स्वतःच्या आवाजात असतो. सांगतो ड्रमर किंवा गाणारा, ज्याला गिटारचं ओ की ठो कळत नाही तो. ‘तुझं कॅसेटसारखं येत नाहीये’ एवढंच म्हणतो. त्यावर दोन दिवस अबोला, आणि तिसऱ्या दिवशी प्लेक्ट्रम खिशात.

बँडमधल्या दोस्तीचा बराचसा भाग हा असा असतो. एकच अल्बम पाच जणांनी ऐकला तर ड्रमरने हाय-हॅट ऐकलेला असतो, कीबोर्डवाल्याने मागचा धुरासारखा ऑर्गन, गाणाऱ्याने शब्द (तेही निम्मे चुकीचे). स्वतःचं वाद्य सोडून दुसरं काही ऐकायला शिकवतात ते हेच लोक, बहुधा भांडून. १९७९ च्या पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जाई, आतला माइक चालू होई आणि दोघांना हेडफोन न काढता बोलता येई. ज्याने कुणी हे योजलं त्याला ‘थांब थांब, हे ऐक’ या वाक्याची किंमत कळलेली होती. पुढे ही सोय गेली.

जुनी कॅसेट कुणाची होती हे वरच्या नावावरून ठरवू नये, नावं खोडून बदलली जातात. वाजवून बघावी. जिथे सारखं थांबवून मागे नेलेलं असतं तिथे टेपला बारीक चुण्या पडतात आणि आवाज क्षणभर दबतो. सोलोच्या जागी दबत असेल तर गिटारवाल्याची, दोन ओळींमधल्या ड्रमच्या तुकड्यावर दबत असेल तर ड्रमरची. कुठेच दबत नसेल तर ती गाणाऱ्याची. तो वाजवून सोडून देतो.

वाजवायच्या आधी मात्र तिच्या तोंडाशी आत बघा. पितळी पट्टीवर नमद्याचा एक चिमुकला तुकडा असतो, तो टेप हेडवर दाबून धरतो. गोंद वाळून तो पडला असेल तर आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो आणि लोक उगाच हेड साफ करत बसतात. टेप एकदा अखेरपर्यंत पुढे नेऊन मागे आणा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतील. डेकचा रबरी रोलर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, तो चिकट असला की टेप गिळलीच म्हणून समजा. हे सगळं करूनही गाणं थोडं चढं वाटलं, तर मोटरचा स्क्रू शोधायच्या आधी तेव्हाच्या बासवाल्याला फोन लावून विचारा. तो म्हणेल, बरोबर आहे, असंच होतं. त्याचं खरं धरा, फक्त गिटारवाल्याला सांगू नका.