मोडीनंतर सेंट गॅलनची अक्षरे: माझा अनुभव

दोन वर्षांपूर्वी झुरिकला लेकीकडे गेले होते, तेव्हा तिने एक दिवस सेंट गॅलनला नेले. तिथल्या बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या मठाच्या ग्रंथालयात शिरताना बुटांवरून मऊ सपाता चढवाव्या लागतात, लाकडी जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून. दारावर ग्रीक अक्षरांत लिहिले आहे : आत्म्याचे औषधालय. 719 मध्ये ओटमारने उभारलेला हा मठ 1805 मध्ये बंद झाला. ग्रंथालय मात्र टिकले.

मी जन्मभर मराठी शाळेत शिकवले, त्यामुळे माझे मन अडकले ते या मठाच्या शाळेत. चौथ्या एक्केहार्ट या संन्याशाने तिच्या हकीकती लिहून ठेवल्या आहेत. 911 च्या नाताळात राजा कोनराड आला. मुलांची मिरवणूक निघाली तेव्हा त्याने वाटेत सफरचंदे पसरून ठेवायला लावली. अगदी लहान मुलानेही एकाला हात लावला नाही. राजाने खूश होऊन मुलांना दर वर्षी तीन दिवस खेळायची सुट्टी दिली. आणि 937 मध्ये, फटके चुकावेत म्हणून, माळ्यावरून छड्या आणायला पाठवलेल्या एका मुलाने तिथेच आग लावली. छडीच्या भीतीने पोर काय करून बसते, हे वाचून पोटात कालवले.

याच एक्केहार्टचे गुरू नोटकर. 1022 मध्ये साथीत वारले. त्यांनी लॅटिन ग्रंथ मुलांसाठी जर्मनमध्ये आणले. एका बिशपला पाठवलेल्या पत्रात ते कारण सांगतात : परक्या भाषेत जे जेमतेम कळते किंवा अर्धवट कळते, ते मातृभाषेत पटकन कळते. हे वाचले आणि ठरवले, या माणसाचे लिखाण आपण मूळ अक्षरांत वाचायचे.

त्यांनी केलेल्या बायबलातल्या स्तोत्रांच्या भाषांतराची बाराव्या शतकातली प्रत आता घरबसल्या पाहता येते. पानांची छायाचित्रे इंटरनेटवर मोफत आहेत. पानावर लॅटिन आणि त्याचे जर्मन असे दोन्ही आहे, आणि लॅटिन मला येत नाही. म्हणून एका बाजूला मराठी बायबलातले पहिले स्तोत्र ठेवले, दुसऱ्या बाजूला छापील लॅटिन पाठ, आणि मध्ये पडद्यावर ते पान. मोडी शिकताना केले तेच पुन्हा केले : वहीत एकेका अक्षराचा रकाना आखला आणि ते अक्षर जसे जसे दिसेल तसे तसे उतरवत गेले.

पहिला आठवडा एकाच अक्षराने खाल्ला. त्यांचा ‘एस’ लांबट असतो, थेट ‘एफ’सारखा. ‘सिक’ या लॅटिन शब्दाला मी ‘फिक’ वाचत होते आणि कोशात शब्द सापडत नाही म्हणून हैराण होत होते. शेवटी भिंगाखाली फरक कळला : ‘एफ’ची आडवी रेघ दांडा ओलांडून उजवीकडे जाते, ‘एस’ची जात नाही. मग संक्षेप आले. स्वरावर छोटी आडवी रेघ दिसली की पुढचा ‘एम’ किंवा ‘एन’ गाळला आहे असे समजायचे. मोडीतल्या ‘राजश्री’चा नुसता ‘रा॥’ होतो, तो डोळ्यांत बसलेला असल्याने इथे फार अडले नाही. रेघांचीही गंमत वाटली. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि अक्षरे तिला टांगतात. इथे अक्षरे रेघेवर उभी असतात.

सातव्या आठवड्यात छापील पाठ झाकून पहिली जर्मन ओळ वाचली. फोन लावून नातीलाही ऐकवली : “देर मान इस्त सालिग...”

नात तिथल्या शाळेत तिसरीत आहे. ती म्हणाली, “आजी, हे तर जर्मनच आहे! ‘तो माणूस’, पुढे काय?”

“धन्य,” मी म्हटले. “तो माणूस धन्य आहे.”

“मग पुढची ओळ वाच ना.”

ती अजून लागलेली नव्हती. तिला दुसऱ्या दिवशीचा वायदा केला आणि वही पुन्हा उघडली.