एप्रिल, बर्फाच्या बाटल्या आणि मोगरा

एप्रिल लागला की आमच्या फ्रीजरमध्ये मटार-खोबऱ्याला जागा उरत नाही. अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या आडव्या घातलेल्या असतात. त्या मोगऱ्याच्या.

मोगरा म्हणजे आमचा अ‍ॅक्सोलोटल. हा सॅलॅमँडरच, पण जन्मभर पाण्यातच राहतो. मोठा झाला तरी मानेवरचे पिसांसारखे कल्ले तसेच राहतात. अंगाने पांढरा, कल्ले गुलाबी, डोळे काळ्या मण्यांसारखे. याचं मूळ गाव मेक्सिको सिटीतलं सोचिमिल्को, समुद्रसपाटीपासून २२०० मीटरच्या वर. म्हणून याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं, आणि आम्ही राहतो कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या उन्हात.

पहिल्या उन्हाळ्यात पाण्यावर झोत पडेल असा छोटा पंखा लावला होता. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये पाणी भराभर उडतं आणि दोन-तीन अंश उतरतात. पण मे महिन्यात एका दुपारी चार तास वीज गेली. मी ऑफिसातून आले तेव्हा थर्मामीटरवर २६, आणि मोगऱ्याच्या कल्ल्यांची टोकं पुढे वळलेली. गांडूळ समोर धरलं तरी तोंड उघडेना. आई आणि मी रात्री एकपर्यंत आळीपाळीने बाटल्या बदलत बसलो. एकदम गार केलं तर त्याचाही धक्का बसतो, म्हणून एका वेळी एकच बाटली. त्याच महिन्यात टाकीचं पाणी गार ठेवणारा चिलर घेतला. बाटल्या मात्र वीज जाईल तेव्हासाठी ठेवतेच.

खाण्याचंही शिकावं लागलं. गच्चीवरच्या कंपोस्टच्या बादलीतली बारीक लाल गांडुळं त्याने तोंडात घेतली आणि लगेच थुंकली. त्यांच्या अंगातून कडवट रस सुटतो. आईने गावाकडच्या बागेतली मातकट, जाड गांडुळं आणली, तिथे खताचा किंवा औषधाचा फवारा नसतो. ती चिमट्याने धरली की तो आधी मान तिरपी करतो, क्षणभर थांबतो, आणि मग ‘फट्’ करून पाण्यासकट आत ओढतो. याच ओढण्यामुळे तळाला खडे नकोत. दुकानदाराने रंगीत खडे आवर्जून दिले होते. ते गिळले की आतडं अडकतं. मी तळ मोकळाच ठेवलाय.

सुरुवातीला काजळ नावाचा दुसराही होता, सावळा. दोघे लहान असताना काजळने मोगऱ्याचा पुढचा उजवा पाय चावून तोडला. मी रडले. काजळ दुसऱ्या टाकीत गेला. आठवड्याभरात जखमेवर पातळ कातडी आली, मग एक गोल उंचवटा, मग चपटी वल्ह्यासारखी पट्टी, आणि तिच्यात एकेक बोट फुटू लागलं. पुढच्या पायाला चारच बोटं असतात. मी रोज टॉर्च लावून मोजायचे. दोन महिन्यांत चारही आली.

घरात सुरक्षित असलेला हा जीव त्याच्या मूळ पाण्यात जवळजवळ संपत आलाय. मेक्सिकोने २०२१ मध्ये ५० पेसोच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं.

आता साडेअकरा वाजलेत. पाणी १७ अंश. मोगरा त्या नव्या पायावर रेलून टाकीच्या कोपऱ्यात बसलाय.