तुम्ही विचारलंत म्हणून: तिला सांभाळून घ्यावं लागतं का?

कार्यक्रम संपला की हा प्रश्न हमखास येतो: 'बारा वर्षांची मुलगी क्लॅरिनेट वाजवते, पियानोवर तुम्हाला तिला बरंच सांभाळून घ्यावं लागत असेल ना?' विचारणाऱ्यांच्या मनात माया असते. पण उत्तर 'नाही' असंच आहे, आणि त्याचं कारण उभ्याउभ्या सांगून होत नाही.

तिचं कौतुक होतं ते बोटांच्या चपळाईचं. ती आहेच, पण भरपूर रियाझ करणाऱ्या बऱ्याच मुलांकडे ती असते. मला ती वेगळी वाटते लांब सुरांत. पियानोचा सूर उमटल्या क्षणापासून विरू लागतो. मी काहीही केलं तरी तो फुगवता येत नाही. क्लॅरिनेटचा सूर मात्र शांततेतून अलगद वर येतो आणि दम असेपर्यंत टिकतो. दोघांनी मिळून सूर धरलेला असताना क्लॅरिनेट वाजवणाऱ्याने आपला दम दाखवायचं ठरवलं, तर माझा सूर त्याखाली बुडून जातो. ही मुलगी माझ्या विरत्या सुराच्या बरोबरीने आपल्या सुराचा आवाज विरवत नेते. हे मी तिला कधीच सांगितलेलं नाही, ते तिला ऐकू येतं.

त्यात एक पेच आहे. या वाद्यात फुंक हलकी केली की सूर चढू पाहतो, जोर लावला की उतरतो. पियानो तर तसूभरही हलणार नाही. म्हणजे आवाज विरवत नेताना चढणारा सूर ओठांच्या आणि जबड्याच्या पकडीने जागेवर ठेवायचा. मोठमोठ्यांना इथे घाम फुटतो.

दुसरी शंका जर्मन संगीतकार ब्राम्स यांच्या रचनांची. उतारवयातल्या माणसाचं संगीत या वयात कसं कळणार? १८९० मध्ये ब्राम्स यांनी रचना थांबवायचं जवळजवळ ठरवलं होतं. १८९१ मध्ये जर्मनीतल्या मायनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदातल्या रिचर्ड म्युलफेल्ट यांचं क्लॅरिनेट त्यांनी ऐकलं आणि पुन्हा लेखणी उचलली. १८९४ च्या उन्हाळ्यात, एकसष्टाव्या वर्षी, क्लॅरिनेट आणि पियानोसाठी दोन सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या रचना, लिहिले. त्यांतल्या एफ मायनर सोनाटाची सुरुवात पियानो एकटाच करतो आणि मग क्लॅरिनेट येतं. सुरुवातीच्या त्या चार मात्रागटांत मी ज्या वजनाने वाजवेन, तेच वजन उचलून तिला पुढे न्यायचं असतं. त्यासाठी आयुष्याचा अनुभव लागतो असं मला वाटत नाही. लागतात कान, आणि समोरच्याचं ऐकून आपला बेत तिथल्या तिथे बदलायची तयारी. उलट, ठरवून आणलेली उदासी ब्राम्सला मारक ठरते. तिच्याकडे ती अजून नाही, हे चांगलंच आहे.

वय आडवं येतं ते शरीरात. वाद्याचं वजन पाऊण किलोच्या आसपास, आणि त्याचा मुख्य भार उजव्या अंगठ्यावर. म्हणून सरावात मध्येमध्ये थांबतो, गळ्यात पट्टाही असतो. जर्मन संगीतकार शूमान यांच्या १८४९ च्या 'फँटसीश्टुके' या रचनेतले तिन्ही तुकडे न थांबता एकामागून एक येतात. ओळी लांब, श्वासाच्या जागा मोजक्या. पहिला तुकडा फार रेंगाळला तर लहान छातीला ओळ पुरत नाही, म्हणून लय किंचित वाहती ठेवतो. एवढीच काय ती सवलत, आणि ती मी मोठ्यांनाही देते.

सरावाला येताना ती माझा भाग वाचून येते. हे सोपं नाही. शूमान ती 'ए' क्लॅरिनेटवर वाजवते. तिच्या कागदावर सी हा सूर लिहिलेला असतो तेव्हा माझ्या पियानोवर तोच सूर ए असतो. तरीही माझ्या डाव्या हातात काय चाललंय हे तिला माहीत असतं. म्हणूनच मी जपून, तिच्या मागेमागे वाजवायला लागले, तर तिला टेकायला काही उरणार नाही. मी ठाम असले की ती मोकळी होते.

पुढच्या वेळी याल तेव्हा तिच्या वेगवान ताना संपल्यावर लगेच टाळ्यांसाठी सरसावू नका. चाल पियानोकडे येते आणि ती खालच्या पट्टीत जाऊन मला वाट करून देते, त्या जागा ऐका.