अ‍ॅम्प सिममध्ये चट् चट् येतंय? बफर वाढवण्याआधी हे तपासा

गिटारचा सेटअप जुनाच आहे: विंडोज लॅपटॉप, गिटार त्याला जोडणारा यूएसबी इंटरफेस, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि त्यात अ‍ॅम्प सिम, म्हणजे गिटार अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर: न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर. हाय गेनवर पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून) वाजवताना मधूनच चट् चट् यायचं. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 128 सॅम्पलवरून 512 केला की ते जायचं, पण मग पिक लागल्यावर आवाज उशिरा यायचा आणि फास्ट रिफची मजाच जायची. म्हणून बफर परत 128 वर आणला आणि मूळ कारण शोधायला बसलो.

रीपरचा परफॉर्मन्स मीटर बघितला, तर लोड अगदीच कमी. इथेच बरेच जण गोंधळतात. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पल म्हणजे 2.67 मिलिसेकंद. एवढ्या वेळात पुढचा तुकडा तयार हवाच. दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने तेवढ्यात प्रोसेसर अडवून धरला की तुकडा वेळेत पोचत नाही आणि चट् होतं. सरासरी लोड कितीही कमी असला तरी त्याने काही फरक पडत नाही.

हा अडवणारा कोण, ते लेटन्सीमॉन नावाचं टूल दाखवतं. ते चालू ठेवून वाजवत बसलो. ड्रायव्हर्सच्या यादीत सगळ्यात वर एनडीआयएस डॉट सिस, म्हणजे नेटवर्क. वाय-फाय बंद केलं, चट् गायब. चालू केलं, परत हजर. वाय-फायचा नवा ड्रायव्हर टाकून थोडा फरक पडला, पण पूर्ण गेलं नाही. आता वाजवायला बसलो की डिव्हाइस मॅनेजरमधून तो अ‍ॅडॉप्टर डिसेबल करतो. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवलाय, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (यूएसबीची वीजबचत) बंद केलंय. 64 वरही आवाज स्वच्छ येतोय, याचा आनंद काय सांगू!

एएसआयओ म्हणजे कमी उशिराने आवाज पोचवणारा ऑडिओ ड्रायव्हरचा प्रकार. एएसआयओफोरऑल मात्र विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेलं आवरण आहे. लॅपटॉपच्या साउंड कार्डवर भागवायचं असेल तर जरूर वापरा. इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असेल तर तोच निवडा.

आता लेटन्सी, म्हणजे पिक लागल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर. 128 चा बफर म्हणजे 2.67 मिलिसेकंद उशीर, असं धरून चालू नका. जाताना एक बफर, येताना एक, शिवाय कन्व्हर्टर आणि यूएसबीचे राखीव बफर. खरा आकडा हवा तर लूपबॅक करा. इंटरफेसच्या आउटपुटपासून त्याच्याच लाइन इनपुटला केबल लावा (गिटारच्या हाय-झेड इनपुटला नको), हेडफोन काढून ठेवा, रेकॉर्ड ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. एका ट्रॅकवर क्लिक वाजवून दुसऱ्यावर रेकॉर्ड करा आणि झूम करून दोन्हींमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. रीपरच्या रेकॉर्डिंग प्रेफरन्सेसमध्ये ड्रायव्हरने सांगितलेली लेटन्सी वापरायचा पर्याय असतो. मोजताना तो बंद हवा, नाहीतर रीपर ट्रॅक आपोआप मागे सरकवतं आणि अंतर दिसतच नाही.

माझ्याकडे 128 वर 440 सॅम्पल भरले, म्हणजे जवळपास 9.2 मिलिसेकंद. हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण 34 सेंटीमीटर जातो. म्हणजे अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहून वाजवल्यासारखं. रिदमला हे मला पुरेसं वाटतं. लीडसाठी 64 वरच ठेवणार.

पुढच्या वेळी इनपुट गेन. मॉडेलला सिग्नल किती द्यायचा यावर टोन फार बदलतो, आणि त्यावर बरंच लिहायचंय.