काकवी औषध झाल्यापासून

आमच्या उमरखेडकडे पैनगंगेच्या पाण्यावर ऊस होतो, त्यामुळे काकवीचं आम्हाला काही अप्रूप नाही. गुऱ्हाळावरून डबा भरून आणायचा, धिरड्यासोबत बोटं चाटत संपवायचा, झालं. पण आता ती काचेच्या बाटलीत गेली, लेबल चिकटलं आणि एकदम औषधच झाली ना बाप्पा! रक्त वाढते म्हणे, शुगर वाढत नाही म्हणे, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारूच नका.

आमचे काकाजी शुगरच्या गोळ्या खातात, चहात साखर चालत नाही, पण भाकरीवर काकवीची धार अशी सोडतात की भाकर दिसत नाही. काही म्हटलं की, "अबे, हे नॅचरल हाय, याले काई होत नाई."

आता गुऱ्हाळात होते काय तर रस कढईत उकळतो, रानभेंडीचं चिकट पाणी टाकलं की मैल फेसासोबत वर येतो, तो झाऱ्यानं काढत राहायचा आणि रस आटवत न्यायचा. ११८ अंशाच्या आसपास नेला तर गूळ होतो, त्याच्या बरंच आधी, १०५ च्या सुमारास काढून घेतली की काकवी. म्हणजे उसातली साखर गेली कुठं? कुठंच नाही, सगळी आतच हाय. बाटली महिनाभर ठेवून बघा, तळाशी खडे बसतात ते काय मिठाचे असतात का! साधारण तिसरा हिस्सा पाणी धरला तरी २० ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात १३ ग्रॅमच्या आसपास साखर येते, ५० च्या वर कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेबद्दल जे सांगितलं, की दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर बरं, त्यात मध, काकवी, पाक सगळं मोजलेलं हाय.

लोह असते, नाही असं नाही. गुळात १०० ग्रॅममागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, काकवीत पाणी जास्त म्हणून थोडं कमी धरा. आणि आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या हिशोबानं बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागते. आता काकवीवर ते भरून काढायचं म्हटलं तर बाटलीच तोंडाला लावावी लागंल, रक्त वाढायच्या आधी दुसरंच काही वाढंल. त्यापेक्षा तिळाची चटणी खा, वर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा ढोसू नका. कारखान्याच्या मळीचे गुण वाचून ते काकवीला चिकटवणारे पण लय आहेत, पण मळीतून साखर काढून घेतलेली असते म्हणून तिच्यात खनिजं दाट होतात, काकवीचं तसं नाही.

पांढऱ्या साखरेपेक्षा दोन आणे बरी, एवढं मी मानतो. आणि चव? तिच्यासमोर साखर काहीच नाही, तो जळका, किंचित खारट वास साखरेला कुठून येणार! म्हणून मी खातोच, चवीसाठी खातो.

काकाजीले हे सगळं एका दमात सांगितलं. ते म्हणे, "बरं झालं सांगितलं, आता थोडीच घेतो," आणि डबा आपल्याकडे ओढला.