तुम्ही विचारलंत म्हणून: बटण की हात?

"शोर्युकेन एका बटणात निघतो, तर तुम्ही अजून पुढे-खाली-तिरकं का घासत बसता? बोटं वाकडी करून खेळ चांगला होतो का?" शोर्युकेन म्हणजे स्ट्रीट फायटर या मारामारीच्या व्हिडिओ गेममधला, उडी मारून येणाऱ्याला पाडणारा ठोसा. 2023 मध्ये स्ट्रीट फायटर 6 मॉडर्न कंट्रोल्स घेऊन आला (दिशा फिरवण्याऐवजी एक बटण; जुनी पद्धत ती क्लासिक), तेव्हापासून हे ऐकतोय.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं: मेहनत. स्ट्रीट फायटर 4 मधल्या काही लिंकना, म्हणजे एका फटक्याला पुढचा जोडायला, एकच फ्रेम मिळायची, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. त्यापायी कॉलेजची एक अख्खी सुट्टी घालवली. पण मेहनत हे काही कारण नव्हे. पायाने लिहायलाही मेहनत लागतेच.

मग ती मॅच. पुण्यातल्या एका कॅफेत छोटी स्पर्धा, समोर बारावीतला मुलगा, मॉडर्नवर केन हे पात्र घेऊन. मी उडी मारली, शोर्युकेन. पुन्हा उडी, पुन्हा शोर्युकेन. तिसऱ्यांदा त्याचा अंगठा दिसला: एकदा दबला, बस्स. उडी हवेत असते जेमतेम पाऊण सेकंद. तेवढ्यात ती दिसणं, ठरवणं आणि तीन दिशा बिनचूक फिरवणं मला पाचात तीनदा जमतं. त्याला पाचात पाच. हरलो, आणि हात मिळवताना बोलून गेलो, "तू नाही जिंकलास रे, बटण जिंकलं."

"पण दादा, उड्या तुम्हीच मारत होता ना?"

सगळे हसले. पार्किंगमध्ये बराच वेळ नुसता गाडीवर बसून होतो.

मारत होतो, कारण क्लासिकवाल्यासमोर उडी हा जुगार असतो: त्याला दिसेल, पण हात चुकेल. समोरच्याचा हात ताणाखाली कुठे सुटतो हे हेरणं हाच माझा अर्धा खेळ. बटणाने तो जुगारच उठवला. (एका बटणाच्या स्पेशल चालीचा मार 20 टक्के कमी असतो, माहीत आहे. उडी तर पडतेच ना!) आणि हो, हा मुद्दा मला हरल्यावर सुचला.

2004 च्या इव्होत, म्हणजे फायटिंग गेम्सच्या मोठ्या स्पर्धेत, दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राच्या 15 लाथा एकेक करून पॅरी केल्या, म्हणजे नेमक्या क्षणी दिशा दाबून मार न खाता परतवल्या. लाइफ इतकी कमी की नुसतं ब्लॉक केलं असतं तरी संपला असता, कारण तेव्हाही थोडा मार बसतोच. एका बटणात जमलं असतं तर प्रेक्षकांत कोण जल्लोषाने ओरडलं असतं? हे मी भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, "पण मामा, त्या लाथा येणार हे त्याला कळलं कसं?" मी चहा ठेवायला उठलो.

गेल्या रविवारी गुपचूप मॉडर्न लावून पाहिलं. उडी आली, बटण दाबलं, निघाला. बरं वाटलं, त्याचाच राग आला. परत क्लासिक केलं. पुढच्याच उडीला शोर्युकेनऐवजी समोर सरळ जाणारा गोळा, हाडोकेन निघाला.