घोडी रात्री बसते का?

सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणली, तेव्हा मखमलाबादच्या मळ्यातला जुना गोठा रिकामाच होता. खाली शहाबादी फरशी. बादलीभर पाणी मारलं की स्वच्छ, म्हणून मी खूश. तिसऱ्याच दिवशी ओल्या फरशीवर तिचा मागचा पाय सटकला आणि तेव्हापासून ती खाली बसेनाच. घोडा उभ्यानं डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेला त्याला आडवं व्हावंच लागतं. काही आठवड्यांनी उभ्यानं पेंगताना तिचे पुढचे पाय दुमडले, कोसळता कोसळता सावरली. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

फरशी उखडून मुरूम टाकला, धुम्मस केलं. उन्हाळाभर छान चाललं. पावसाळ्यात मात्र ती जिथे लघवी करायची तिथे खड्डाच पडला. दिवसाला पाच-दहा लिटर म्हणजे थोडं नाही. उकिडवा बसलो तर लघवीच्या वासानं डोळे चुरचुरायचे. आडव्या झालेल्या घोडीचं नाक तर त्याच उंचीवर. नालबंद चाचांनी पाय उचलला, तळव्याच्या खाचेत काळा, कुजका लगदा. ‘दादा, नाल मी ठोकीन, पण खूर खालून सडतंय त्याला मी काय करू?’

मग एकदाचा कोबा केला. बारा फुटांत दोन इंच उतार, दारातल्या नालीकडे. गवंडी म्हणे, ‘आरशासारखा घोटून देतो.’ त्याच्या हातातली थापी काढून घेतली आणि ओल्या कोब्यावर खराट्यानं रेघा मारल्या. वर रबरी मॅट. आधी दुकानदारानं गाईंच्या गोठ्यातली पातळ मॅट गळ्यात मारली. नालांखाली महिन्याभरात कोपरे वर आले. नंतर पाऊण इंची जाड घेतली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भिडवून. खर्च चांगलाच बसला.

मॅट असली की वर काही पसरायला नको, असं बरेच जण सांगतात. मला पटत नाही. रबर लघवी शोषत नाही, आणि अंगावर शिंतोडे उडायला लागले की घोडी मोकळी व्हायलाच कचरते. घोटीच्या गिरणीतला भाताचा तूस स्वस्त मिळाला, पण त्याची धूळ फार, घोडी खोकायला लागली. आता सुताराकडून रंध्याची सालपटं आणतो, करवतीचा बारीक भुसा नाही.

महिन्यातून एकदा दोघं मिळून मॅट उचलतो, खालची ओल धुऊन वाळवतो. आई म्हणते, ‘घरातल्या गाद्यांना कधी ऊन दाखवलंस का रे?’

मॅट टाकल्यावर चौथ्या पहाटे बॅटरी घेऊन गेलो. घोडी उभीच होती. पण डाव्या कुशीला, मानेपर्यंत, सालपटं चिकटलेली. खरारा हातात होता, तरी लगेच झाडावीशी वाटली नाहीत.